कमी गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहांसाठी टेबलटॉप वॉरगेमचे नियम कसे बदलावेत

चांद्रयान-३ चे विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले, तेव्हापासून नाशिकमधील आम्हा वॉरगेम (टेबलावर छोटे सैनिक मांडून पट्टी आणि फाशांनी खेळायची लढाई) खेळणाऱ्यांमध्ये चंद्रावरच्या लढाईचा डाव मांडण्याची इच्छा वारंवार व्यक्त होते. अडचण अशी की हाताशी असलेल्या बहुतेक नियमपुस्तिका पृथ्वीवरची लढाई गृहीत धरून लिहिलेल्या असतात, आणि परग्रहावरचा डाव मांडायचा म्हटले की चाल दुप्पट, उडी सहापट, पल्ला सहापट असे गुणाकार करून वेळ मारून नेली जाते. त्यातून जो खेळ उभा राहतो तो चंद्रावरचा नसतो. तो अधिक चपळ सैनिकांचा, पण पृथ्वीवरचाच खेळ असतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. कमी गुरुत्वाकर्षणात सैनिक वेगवान होत नाही. त्याला थांबणे, वळणे आणि तोल सांभाळणे अवघड जाते. नियम बदलताना हे एक सूत्र धरून ठेवले तर बाकीचे बरेचसे बदल त्यातून आपोआप निघतात.

यामागचे कारण शालेय पदार्थविज्ञानातलेच आहे. चंद्रावर गुरुत्वत्वरण १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. त्यामुळे सैनिकाचे वजन एक षष्ठांश होते, पण त्याचे वस्तुमान तेवढेच राहते. पोशाख आणि पाठीवरचे प्राणवायूचे यंत्र धरून १८० किलोचा झालेला माणूस एकदा वेगात आला की त्याला थांबवायला पृथ्वीवर जेवढा जोर लागेल तेवढाच चंद्रावरही लागतो. तो जोर मिळतो पायाखालच्या घर्षणातून आणि घर्षण अवलंबून असते वजनावर, म्हणून वेग तोच असताना ब्रेक मात्र एक षष्ठांश उरतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. परग्रहावरच्या लढाईत तीन वेगवेगळी कारणे एकत्र काम करतात: गुरुत्वाकर्षण, हवा आणि पोशाख. ही तिन्ही एकाच नियमात कालवली की पुढे मंगळ किंवा शनीचा उपग्रह टायटन यांवरचा डाव मांडताना सगळे पुन्हा लिहावे लागते. मंगळावर गुरुत्वत्वरण ३.७१ आहे आणि हवा पृथ्वीच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. टायटनवर गुरुत्वाकर्षण चंद्रापेक्षाही कमी, पण हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट. म्हणून प्रत्येक बदलापुढे तो या तिघांपैकी कशामुळे केला आहे हे वहीत लिहून ठेवावे.

प्रमाण आधी, नियम नंतर

पटावरचा एक इंच म्हणजे किती मीटर आणि एक पाळी म्हणजे किती सेकंद, हे ठरवल्याशिवाय एकही आकडा बदलू नये. २८ मिलिमीटरच्या मिनिएचर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्ती, वापरून दहा-बारा सैनिकांच्या चकमकीचा डाव असेल तर १ इंच म्हणजे २ मीटर आणि एक पाळी म्हणजे १० सेकंद हे प्रमाण मी सुचवीन. यात मिनिएचरची उंची आणि जमिनीवरचे अंतर यांचे प्रमाण जवळपास जुळते, त्यामुळे उडीची उंची आणि विवराची खोली थेट पट्टीने मोजता येते. ६ फूट बाय ४ फुटांचा प्लायवूडचा पट या प्रमाणात १४४ मीटर लांब आणि ९६ मीटर रुंद होतो. पुढील सर्व आकडे याच प्रमाणातले आहेत.

चाल आणि थांबणे

सावकाश चालण्याचा वेग कमी गुरुत्वाकर्षणात घटतो. चालताना आपण एका पायावरून शरीर कमानीसारखे पुढे झुलवतो आणि ते शरीर खाली आणण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. ते कमी झाले की एका मर्यादेपलीकडे पाय जमिनीवर टिकत नाहीत. ही मर्यादा गुरुत्वत्वरणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. साधारण उंचीच्या माणसासाठी ती पृथ्वीवर सेकंदाला २.१ मीटर, मंगळावर १.३ मीटर आणि चंद्रावर ०.८५ मीटर एवढी येते. आपल्या प्रमाणात हे अनुक्रमे १०, ६ आणि ४ इंच होतात. म्हणून चंद्रावर सावध चाल ४ इंचांची ठेवावी. त्याहून वेगाने जायचे तर अपोलोच्या अंतराळवीरांप्रमाणे लांब, सपाट झेपा घेत जावे लागते. या झेपचालीला ८ इंच आणि जिवाच्या आकांताने धावण्याला १२ इंच द्यावेत.

आता मुख्य नियम. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि गुरुत्वत्वरणाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. घर्षणांक ०.५ धरला, तर आपल्या प्रमाणात थांबण्याचे इंच काढायचे सूत्र असे होते: चालीच्या इंचांचा वर्ग करावा आणि त्याला गुरुत्वत्वरणाच्या ५० पटीने भागावे. पृथ्वीवर भाजक ४९० येतो, त्यामुळे तिथे पायदळाला थांबण्याचे अंतर धरावेच लागत नाही. चंद्रावर भाजक ८० च्या आसपास येतो, मंगळावर १८५. चंद्रावर ८ इंचांच्या चालीला जवळपास १ इंच, १२ इंचांना २ इंच आणि १६ इंचांना ३ इंच लागतात. खेळताना कोणी गणित करत बसू नये. प्रत्येक ग्रहासाठी चार आकड्यांचा छोटा तक्ता पुठ्ठ्यावर लिहून पटाशेजारी ठेवावा.

पटावर हे असे वापरावे. जाड कागदाचे छोटे बाण कापून घ्यावेत आणि प्रत्येकावर १, २ किंवा ३ असा आकडा लिहावा. सैनिक १२ इंच धावणार असेल तर खेळाडूने दोनपैकी एक पर्याय आधी जाहीर करायचा. एक तर शेवटचे २ इंच थांबण्यात घालवायचे, म्हणजे प्रत्यक्ष १० इंचांनंतर ब्रेक लावायला सुरुवात करायची आणि बाराव्या इंचावर स्थिर उभे राहायचे. या पाळीत त्याला गोळीबार करता येणार नाही. नाहीतर पूर्ण १२ इंच वेगात जायचे आणि मिनिएचरच्या पायाशी २ आकड्याचा बाण धावण्याच्या दिशेने ठेवायचा. पुढची पाळी सुरू होताच, इतर कोणीही हलण्यापूर्वी, बाण असलेले सर्व सैनिक बाणाच्या दिशेने तेवढे इंच पुढे सरकतात.

याचा परिणाम पहिल्याच डावात दिसतो. एखादा सैनिक धावत येऊन मोठ्या खडकाच्या आडोशाला पोहोचतो, खेळाडू समाधानाने हात मागे घेतो, आणि पुढच्या पाळीच्या आरंभी तोच सैनिक २ इंच पुढे सरकून खडकाच्या पलीकडे उघड्यावर येतो. समोरच्या खेळाडूला हे एक पाळी आधीपासून दिसत असते आणि तो तिथे नेम धरून बसलेला असतो. पृथ्वीवरच्या नियमांत आडोसा म्हणजे जिथे पोहोचायचे ते ठिकाण. इथे आडोसा म्हणजे जिथे थांबता येईल ते ठिकाण. चंद्रावरचा डाव खऱ्या अर्थाने वेगळा वाटतो तो या एका नियमामुळे, आणि वेळ कमी असेल तर बाकीचे सगळे वगळून एवढाच नियम घ्यावा.

वळण्यासाठी स्वतंत्र गणित लागत नाही. ४ इंचांच्या चालीत कसेही वळता येते. त्याहून अधिक वेगात ४५ अंशांपर्यंत वळण मोफत द्यावे आणि त्यापुढे तोलाचा फासा टाकावा. हा फासा पुढेही लागणार असल्यामुळे त्याची रीत इथेच सांगतो. सहा बाजूंचा एक फासा टाकायचा. ३ किंवा अधिक आल्यास सैनिक उभा राहतो. १२ इंच किंवा अधिक वेग असेल तर १ वजा, उतारावर असेल तर १ वजा, जड शस्त्र खांद्यावर असेल तर १ वजा. तोल गेला की सैनिक आडवा होतो आणि उठण्यात त्याची पुढची अर्धी चाल खर्च होते.

वाहनांना हेच सूत्र लावले की ती फार सांभाळून चालवावी लागतात. १९७१ आणि १९७२ मध्ये अपोलो १५, १६ आणि १७ या मोहिमांत वापरलेली चांद्रगाडी २१० किलोची होती आणि तिचा वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास असे. अपोलो १७ मध्ये तिने सुमारे १८ चा वेग गाठला. १३ किलोमीटर म्हणजे पाळीला १८ इंच आणि थांबायला ४ इंच. १८ किलोमीटर म्हणजे पाळीला २५ इंच आणि थांबायला ८ इंच. वळणाची त्रिज्या थांबण्याच्या अंतराच्या दुप्पट घ्यावी, म्हणजे पूर्ण वेगातली गाडी १६ इंच त्रिज्येचे वर्तुळ काढल्याशिवाय वळत नाही. चार फूट रुंदीच्या पटावर हे वळण बसवणे म्हणजे कौशल्याचे काम आहे. पुठ्ठ्याचे कंस कापून ठेवले तर मोजणीवरून वाद होत नाहीत.

उडी

उडीबाबत अतिशयोक्ती सर्वांत जास्त होते. माणूस पृथ्वीवर शरीर ४५ सेंटिमीटर उचलू शकत असेल तर त्याच आरंभीच्या वेगाने तो चंद्रावर २.७ मीटर उंच जाईल आणि साडेतीन सेकंदांहून अधिक काळ अधांतरी राहील, हे गणित बरोबर आहे. पण ते पोशाख न घातलेल्या माणसाचे आहे. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या जॉन यंग यांनी ध्वजाला सलामी देताना मारलेली उडी प्रसिद्ध आहे. ते सुमारे दीड सेकंद हवेत होते, म्हणजे उंची जेमतेम ४० सेंटिमीटर. त्याच मोहिमेत उंच उडी मारताना चार्ली ड्यूक यांचा तोल गेला आणि ते पाठीवरच्या प्राणवायूच्या यंत्रावर पडले. ते यंत्र फुटले असते तर जिवावर बेतले असते. योगायोग असा की ३ सप्टेंबर २०२३ रोजी विक्रम लँडरने इंजिन पुन्हा पेटवून जी छोटी झेप घेतली तीही सुमारे ४० सेंटिमीटरचीच होती.

म्हणून आजच्यासारखा अवजड पोशाख असेल तर उडीने पाव इंचापर्यंतचा अडथळा ओलांडू द्यावा, आणि भविष्यातील हलका पोशाख कल्पिला असेल तर सव्वा इंचापर्यंत. दोन्ही बाबतींत उतरताना तोलाचा फासा अनिवार्य ठेवावा. उडी घेतल्यावर दिशा बदलता येत नाही, हा नियम कधीही शिथिल करू नये. हवेतल्या सैनिकाचा मार्ग आधीच ठरलेला असतो, त्यामुळे नेम धरून थांबलेल्या शत्रूला त्याच्यावर गोळी झाडताना फाशावर १ अधिक द्यावा.

उंचावरून पडण्याचा नियम सोपा आहे. प्रत्यक्ष उंचीला चंद्रावर सहाने आणि मंगळावर अडीचने भागावे आणि मूळ पुस्तिकेतील तक्ता तसाच वापरावा, कारण जमिनीवर आदळण्याचा वेग उंची आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. पोशाख फाटला का, हा प्रश्न मात्र वेगळा, आणि त्यासाठी वेगळा फासा.

गोळीबार

काडतुसातील दारूला बाहेरचा ऑक्सिजन लागत नाही, त्यामुळे रायफल निर्वातातही चालते. ९०० मीटर प्रति सेकंद वेगाची गोळी १४४ मीटरांच्या पटावर कुठेही पोहोचते आणि तिचा मार्ग जवळजवळ सरळ असतो, म्हणून पल्ल्याच्या मर्यादा काढून टाकाव्यात. नेम धरण्याची अडचण मात्र राहते. हेल्मेटमधून बाजूला आणि वर दिसत नाही, जाड हातमोज्यांतून चाप जाणवत नाही. त्यामुळे लांबच्या नेमाची वजाबाकी काढू नये आणि दृष्टीचा कोन समोरच्या ९० अंशांपुरता ठेवावा.

बंदुकीचा धक्का चंद्रावरही तेवढाच असतो. फरक पडतो तो पाय जमिनीवर धरून ठेवणाऱ्या वजनात. एकेक गोळी झाडताना काही होत नाही, पण उभे राहून फैर झाडली की खांद्याच्या उंचीवर लागणारे बल माणसाला मागे लोळवू शकते. म्हणून उभ्याने फैर झाडल्यावर तोलाचा फासा टाकावा, गुडघा टेकून झाडल्यास त्यात १ अधिक करावा, आणि आडवे पडून किंवा खडकाला टेकून झाडल्यास फासाच टाकू नये. हवा नसल्यामुळे बंदुकीची नळी हवेने थंड होत नाही. प्रत्येक फैरीला एक मणी मिनिएचरशेजारी ठेवावा, दोन शांत पाळ्यांनंतर एक मणी काढावा आणि तीन मणी जमले की शस्त्र अडकले असे समजावे.

हातबॉम्ब हे या बदलांतले माझे सर्वांत आवडते प्रकरण आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ च्या ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले, आणि नंतर छायाचित्रांच्या अभ्यासातून दुसरा चेंडू ४० यार्डांच्या आसपासच गेल्याचे दिसून आले. पोशाखात हात असा जखडला जातो. पृथ्वीवर ३० मीटर फेकणाऱ्याचा वेग पोशाखामुळे निम्मा झाला असे धरले तर पल्ला चौथाईवर येतो, कमी गुरुत्वाकर्षणामुळे तो पुन्हा सहापट होतो, आणि शेवटी ४५ मीटर, म्हणजे २२ इंच मिळतात. पण तो हातबॉम्ब साडेसात सेकंद हवेत असतो, म्हणजे पाऊण पाळी! म्हणून फेकल्याबरोबर लक्ष्यबिंदूवर खूण ठेवावी आणि स्फोट पाळीच्या शेवटी करावा. ज्यांची चाल अजून बाकी आहे ते पळू शकतात, पण पळणाऱ्यांच्या पायाशी वेगाचा बाण येतो आणि ते पुढच्या पाळीला कुठे सरकणार हे सर्वांना दिसते. हातबॉम्बचा उपयोग इथे मारण्यापेक्षा शत्रूला हलवण्यासाठी अधिक होतो.

तोफखाना

देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण देणारी लष्करी संस्था आणि नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र असल्यामुळे आपल्याकडे निवृत्त तोफची सहज भेटतात. वॉरगेमच्या मंडळींनी त्यांच्याजवळ बसून उड्डाणकाळ आणि दारूच्या कमी-अधिक मात्रा यांचे व्यवहार समजून घ्यावेत, कारण चंद्रावरच्या तोफखान्याचा सगळा प्रश्न याच दोन गोष्टींचा आहे.

सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघालेला तोफगोळा चंद्रावर चारशे किलोमीटरहून अधिक दूर जातो. नाशिक ते कोल्हापूर सरळ रेषेत जेवढे अंतर आहे त्याहूनही हे जास्त, आणि गोळा खाली यायला अकरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. चंद्राच्या पृष्ठभागालगत कक्षेत फिरायला सेकंदाला सुमारे १,६८० मीटर वेग पुरतो, आणि आजच्या रणगाड्यांचे काही चिलखतभेदी गोळे जवळपास त्याच वेगाने सुटतात. अशी शस्त्रे चकमकीच्या पटावर ठेवण्यात अर्थ नाही. ती पटाबाहेरच समजावीत.

उखळी तोफ मात्र खेळात आणता येते. ७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघालेला तिचा गोळा पृथ्वीवर, हवेचा रोध सोडून दिला तर, ५०० मीटर जातो आणि चंद्रावर ३ किलोमीटर. ४५ अंशांत डागल्यास उड्डाणकाळ सुमारे एक मिनिट, म्हणजे आपल्या सहा पाळ्या. खेळाडूने लक्ष्यबिंदू कागदावर गुप्तपणे लिहावा, त्यावर पाळीचा क्रमांक टाकावा आणि सहाव्या पाळीला कागद उघडावा. वारा नसल्यामुळे गोळ्याचे विचलन मूळ नियमाच्या निम्मे धरावे. गोळा नेमका पडतो, पण एक मिनिट उशिरा पडतो, त्यामुळे शत्रू कुठे आहे यापेक्षा तो कुठे असेल याचा विचार करावा लागतो. सहा पाळ्या वाट पाहणे नवख्यांना कंटाळवाणे वाटेल, म्हणून डावाच्या आरंभी दोन गोळे आधीच हवेत आहेत असे मानून सुरुवात करावी.

स्फोट, धूळ आणि पोशाख

हवा नसेल तर स्फोटलहर पसरत नाही. मारतात ते तुकडे, आणि त्यांना अडवणारी हवाही नसते. म्हणून स्फोटाचे क्षेत्र दाखवणारे वर्तुळाकार टेम्प्लेट निम्मे करावे, पण त्याबाहेर दुप्पट अंतरापर्यंत उघड्यावर असलेल्या प्रत्येकासाठी ६ आल्यास पोशाखाला छिद्र असा फासा ठेवावा. आडोशामागे असलेल्याला काहीही होत नाही. धुराचा पडदा चंद्रावर टिकत नाही, धूळही तरंगत राहत नाही; प्रत्येक कण प्रक्षेप्याप्रमाणे कमान काढून खाली येतो. त्यामुळे धुराचे नियम सरळ काढून टाकावेत. इंजिनाच्या झोताने उडालेली माती मात्र घातक असते. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ जिथे उतरले तिथून सुमारे १६० मीटरवर उभ्या असलेल्या सर्व्हेयर ३ या जुन्या यानावर त्या मातीच्या माऱ्याचे ओरखडे सापडले. हे अंतर आपल्या अख्ख्या पटापेक्षा मोठे आहे, तेव्हा पटावर यान उतरत असेल तर उघड्यावरच्या सर्वांना फासा टाकायला लावावा.

१९६६ साली अमेरिकेत निर्वातकक्षात पोशाखाची चाचणी सुरू असताना एका तंत्रज्ञाच्या पोशाखातील हवा निघून गेली. तो सुमारे १४ सेकंदांत बेशुद्ध पडला आणि दाब पूर्ववत केल्यावर वाचला. म्हणजे पोशाख पूर्ण फाटला तरी माणसाच्या हाती साधारण एक पाळी उरते. त्यावरून नियम असा करावा: पोशाखाला छिद्र पडल्यावर एक फासा टाकायचा, १ ते ३ आल्यास गळती लहान आणि तीन पाळ्या हातात, ४ किंवा ५ आल्यास एक पाळी, आणि ६ आल्यास तो तत्काळ डावाबाहेर. सोबत्याने मिनिएचरला मिनिएचर भिडवून पूर्ण पाळी खर्च केली आणि ३ किंवा अधिक टाकले तर ठिगळ बसते. या नियमामुळे जखमी सैनिकाला सोडून पुढे जायचे की थांबायचे, हा निर्णय दर डावात समोर येतो.

पट आणि प्रकाश

चंद्रावरचे काळे सपाट प्रदेश बेसाल्टचे आहेत आणि नाशिकचे डोंगरही बेसाल्टचेच, त्यामुळे साहित्य शोधायला दूर जावे लागत नाही. खडी क्रशरवर मिळणारी बारीक कच चाळणीने गाळून घ्यावी, प्लायवूडवर फेव्हिकॉलचा पातळ थर देऊन ती पसरावी आणि वर राखाडी डिस्टेंपरचा कोरडा हात मारावा. विवरांसाठी टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधला थर्माकोल पुरतो. नव्या साध्या विवराची खोली त्याच्या व्यासाच्या साधारण एक पंचमांश असते आणि कडा जमिनीपेक्षा उंचावलेली असते. ५ इंच रुंद विवर १ इंच खोल करावे, म्हणजे उभा सैनिक त्यात पुरता झाकला जातो.

प्रकाशासाठी खोली अंधारी करून टेबललॅम्प पटाच्या एका बाजूला ठेवावा आणि डाव संपेपर्यंत हलवू नये. विक्रम जिथे उतरले तिथे, ६९ दक्षिण अक्षांशावर, सूर्य २० अंशांच्या आसपासच चढतो आणि २ मीटर उंच कडेची सावली ३ इंचांची पडते. प्रत्यक्ष ध्रुवावर सूर्य जेमतेम दीड अंश वर येतो आणि त्याच कडेची सावली ३८ इंच लांब होते, म्हणजे अर्धा पट अंधारात. सावलीतल्या लक्ष्यावर नेम धरताना १ वजा करावा. सूर्याकडे तोंड करून नेम धरतानाही १ वजा, आणि सूर्य बरोबर पाठीशी असतानाही १ वजा, कारण त्या दिशेला सावल्या दिसत नाहीत आणि जमिनीचे सगळे उंचसखल पुसून जाते. अंतराचा अंदाजही फसवा असतो. अपोलो १४ चे दोघे अंतराळवीर कोन विवराच्या कडेपासून सुमारे ३० मीटरवर येऊनही ती कडा न सापडता परतले. म्हणून चाल किंवा फेक जाहीर करण्यापूर्वी टेपने मोजायला बंदी असावी.

इतर ग्रह

मंगळासाठी वरचेच नियम चालतात. फक्त थांबण्याचे अंतर १८५ च्या भाजकाने काढावे आणि धुळीच्या वादळाचा पर्याय ठेवावा, ज्यात दृष्टी कमी होते पण विरळ हवेमुळे वारा माणसाला ढकलत नाही.

टायटनवर उलटा विचार करावा लागतो. गुरुत्वत्वरण १.३५, पण जमिनीलगतची हवा पृथ्वीच्या चौपट दाट. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स यान पॅराशूटने खाली यायला सुमारे अडीच तास लागले. तिथे गोळीचा वेग लवकर मरतो, त्यामुळे पल्ल्याच्या मर्यादा परत आणाव्यात आणि मूळच्या निम्म्या कराव्यात. धूर टिकतो, स्फोटलहर जोरात जाते, पडण्याने फारशी इजा होत नाही आणि पंख बांधलेला सैनिक स्वतःच्या बळावर उडू शकतो.

सेरेस या बटुग्रहावर साध्या उडीतही माणूस वीस सेकंदांहून अधिक, म्हणजे दोन पाळ्या अधांतरी राहतो. तिथे पायदळाला दोर आणि खिळे दिल्याशिवाय डाव मांडू नये. मंगळाचा उपग्रह फोबोसवर सेकंदाला अकरा मीटरच्या आसपास वेग मिळाला की वस्तू परत खालीच येत नाही. तिथली लढाई पटावर न मांडता अंतराळयानांच्या त्रिमितीय नियमांनी खेळावी.

नियम पारखताना

सगळे बदल एकदम लावू नयेत. आपल्या परिचयाचा, अनेकदा खेळलेला एखादा छोटा डाव निवडावा, दोन्ही बाजूंची सेना तीच ठेवावी, आणि पहिल्यांदा फक्त थांबण्याचे अंतर व तोलाचा फासा लावून तो खेळावा. त्यानंतर हातबॉम्ब आणि उखळी तोफ, मग पोशाखाचे छिद्र, आणि सर्वांत शेवटी उष्णतेचे मणी. प्रत्येक डावात एका व्यक्तीने न खेळता फक्त नोंद ठेवावी: किती सैनिक गोळीने गेले, किती तोल जाऊन अडकले, कोणत्या नियमापाशी पुस्तिका पुन्हा उघडावी लागली. तोल जाऊन अडकलेल्यांची संख्या गोळीने गेलेल्यांपेक्षा जास्त येऊ लागली तर तोलाची मर्यादा ३ वरून २ वर आणावी. थांबण्याच्या अंतराला मात्र हात लावू नये. ज्या नियमापाशी पुस्तिका वारंवार उघडावी लागते तो नियम पुठ्ठ्याच्या तक्त्यावर चढवावा, आणि तिथेही तो एका ओळीत मावत नसेल तर डावातून वगळावा.